कोचचा शर्ट कुणी घालत नाही

माझी बायको गेली आणि अमेरिकेतला फुटबॉल माझ्या गळ्यात पडला. तोवर तो तिचा होता. शनिवारी दिवेलागण झाली की ती शिवणयंत्राच्या चाकाला फोन टेकवून ठेवायची, स्टुलावर बसायची आणि तिकडं सकाळी मैदानावर उतरलेल्या नातीकडं बघत राहायची. मी आतून विचारायचो, जेवायचं कधी. ती म्हणायची, भात झाकून ठेवलाय, वाढून घ्या. आता त्या स्टुलावर मी बसतो. भात कुणी झाकून ठेवत नाही.

आम्ही शिंपी. कुंभकोणमला तळ्यामागच्या गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत आमचं दुकान. पूर्वज मराठी राजांच्या काळात इकडं आलेले, म्हणून घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझी शाळा पाचवीत सुटली. विठ्ठलाचे अभंग वाचता यावेत म्हणून बापानं देवनागरी शिकवली, ती तेवढी टिकली. आमची मराठी फार जुनी आहे असं पुण्याकडचे लोक म्हणतात आणि हसतात. हसू देत. इथं तुम्हांला कळेल अशी लिहितोय.

मी कापायचो, बायको शिवायची. लग्नाचे रेशमी ब्लाउज हे आमचं मुख्य काम. गिऱ्हाईक मला मास्टर म्हणायचं, तिला अम्मा.

मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली. एका वर्षी बायको तिच्याकडं जाऊन राहिली. मी गेलो नाही. लग्नसराईत दुकान बंद ठेवता येत नाही, आणि विमानाची मला भीती वाटते. दुसरं कारण खरं. तिथं ती रोज नातीबरोबर शाळेच्या मैदानावर जायची, घडीची खुर्ची घेऊन. परत आली ती तो खेळ डोक्यात घेऊनच. आल्या आल्या कापायच्या टेबलावरचं माझं रेशीम बाजूला सारलं आणि बटणं मांडली. काळी एकीकडं, पांढरी दुसरीकडं. पांढऱ्यांच्या मागं एक लाल बटण ठेवलं आणि म्हणाली, "हे लाल म्हणजे आपली."

तिनं सांगितलं तसं सांगतो. सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू असतो. पुरुष खेळतात तेव्हा एकमेकांना धडका देऊन पाडतात. मुलींच्या खेळात पाडायचं नाही. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन फिती. चेंडू जिच्या हातात तिची फीत ओढली की तो डाव तिथंच थांबला. कोच बाजूला उभा राहून कुठला डाव खेळायचा ते सांगतो. डावांची चित्रं फेकणारीच्या मनगटाच्या पट्टीवर असतात. चेंडू तिच्या हातात येतो, पकडणाऱ्या मुली ठरलेल्या वाटांनी पळत सुटतात, आणि दोन श्वासांत तिला चेंडू कुणाकडं तरी फेकावा लागतो. या फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. आमची नात क्वार्टरबॅक.

"म्हणजे कापतो कोच, आणि शिवते ही," मी म्हणालो.

"तुम्हांला जगात दुसरं काही दिसतं का?" ती म्हणाली.

पण मला ते तसंच दिसलं, आणि आमचा वाद लागला तो ती जाईपर्यंत चालला. मी म्हणायचो, कोच मोठा. कापड चुकीचं कापलं तर शिवणारीनं काय डोंबल शिवायचं? ती म्हणायची, फेकणारी मोठी. कोचच्या हातात चेंडू कधी येतो का? जावई माझ्या बाजूचा. त्याची तिकडं पुरुषांची एक आवडती टीम आहे, मोठ्या पैशांची. ती सारखी हरते. हरली की कोचला काढतात. नवा येतो, तोही हरतो, मग फेकणाऱ्याला काढतात. जावई दर वर्षी सांगतो, मामा, यंदा कोच चांगला मिळालाय, यंदा बघा. एकदा तो हे सांगत असताना बायकोनं फोनमध्ये वाकून बघितलं आणि विचारलं, तुमच्या अंगात शर्ट कुणाचा? त्याच्या अंगात त्या टीमच्या फेकणाऱ्याचा शर्ट होता, पाठीवर त्याचा नंबर. "कोचचा शर्ट कुणी घालत नाही," ती म्हणाली आणि उठून कॉफी करायला गेली. शिंप्याला शर्टावरून हरवलं म्हणजे बोलायला जागा राहत नाही.

बायको गेली आणि पुढच्या हंगामात नातीचा कोच बदलला. आधीची कोचबाई दुसऱ्या गावी गेली. नवा आला तो शाळेतलाच गणिताचा मास्तर, तरणा, दाढीवाला. सगळे डाव त्यानं आखून आणलेले. आखलंय तसंच खेळायचं, त्यात मुलींनी आपलं डोकं घालायचं नाही. आधीची बाई नातीला मोकळी सोडायची, हा सोडत नव्हता. ती चाचपडायला लागली. फेकायच्या आधी हात वर जायचा आणि तिथंच अडकायचा. सुरुवातीच्या मॅच हरल्या.

मग ती मॅच आली. शेवट जवळ आला होता, दोन्हीकडं गुण सारखे. कोचनं डाव दिला, डावीकडं जवळ फेकायचं. नातीनं बघितलं तर डावीकडं समोरच्या टीमच्या मुलींची गर्दी. तिनं उजवीकडं लांब फेकला. तिकडं आपली एक मुलगी नुसती हुलकावणी द्यायला पळत होती. ती कशी कोण जाणे वळली, चेंडू तिच्या हातात बसला आणि ती पळत सुटली ती थेट शेवटच्या रेघेपर्यंत. जावयाच्या हातातला फोन इतका हलला की मला मैदान उलटं दिसलं.

आणि पुढच्याच डावाला कोचनं नातीला बाहेर बसवलं. उरलेली मॅच दुसरी मुलगी फेकत होती. मॅच जिंकली. तरी त्यानं नातीला सांगितलं, पुढच्या शनिवारी सुरुवात दुसरी करेल. तुला या हंगामात परत फेकायला द्यायचं की नाही ते मी ठरवीन.

पोरगी सोळा वर्षांची. चेंडू फेकणं सोडून तिला दुसरं काही करायचं नव्हतं. कॉलेजात गेल्यावरही खेळणार म्हणायची. ते आता एका माणसाच्या हातात गेलं.

रविवारी सकाळी मी नुकती कॉफी घेतली होती तेव्हा फोन आला. तिकडं घरात भांडण चालू होतं, मला पंच म्हणून बोलावलेलं. जावई म्हणाला, मामा, चेंडू पकडला गेला, गुण मिळाले, मॅच जिंकली, आणि वर शिक्षा? हा कोचच नालायक. मी मनात म्हटलं, वर्षानुवर्षं कोच मोठा म्हणणारा हा, स्वतःच्या पोरीवर आलं की पलटला. मुलगी म्हणाली, अप्पा, कोचनं सांगितलेलं ऐकायला नको का हिनं? उद्या सगळ्याच आपल्या मनानं खेळल्या तर?

मला विचारलं तेव्हा मी जे होतं ते सांगितलं. कोच बरोबर आहे.

नातीनं फोन ओढून घेतला. तिची मराठी आजीशी बोलून बोलून आलेली, त्यामुळं जुनीच, मधेमधे इंग्रजीची ठिगळं.

"आजा, लेफ्टला किती जणी होत्या बघितलंत का? मी तिथं फेकायचं होतं?"

"त्यानं सांगितलं तिथं फेकायचं."

"आणि त्यांनी पकडला असता तर?"

"तर चूक त्याची."

"चूक त्याची. पण हरलो आम्ही असतो."

मग ती म्हणाली, "आजी असती तर माझ्या बाजूनं बोलली असती."

"बोलली असती," मी म्हणालो.

मी आणखी काही म्हणेन म्हणून ती वाट बघत होती. शेवटी तिनं फोन आईकडं दिला. मी कॉफीचा पेला विसळला, अंगणात जाऊन उभा राहिलो. बायको असती तर तिनं त्याच दमात मला दोन सुनावल्या असत्या आणि पोरीला हसवलं असतं. मला ते येत नाही. माझं बोलणं कात्रीसारखं, हे तीच म्हणायची.

त्याच आठवड्यात दुकानात एक गोष्ट झाली, ती इथं सांगावी लागते. बायको गेल्यापासून शिवायला जवळच्या साक्कोट्टै गावची एक बाई येते. सकाळच्या बसनं येते, संध्याकाळी जाते. हात साफ, टाका बारीक, कामाला खोट नाही. तरी पण माझंच कापड, माझाच मापाचा कागद, आणि ब्लाउज पूर्वीसारखा बसत नाही. कुठं बिघडतं ते मला कळत नव्हतं. तिरुनागेश्वरम्‌ची एक नवरी आईबरोबर फिटिंगला आली. ब्लाउज घातला तर डाव्या खांद्यावरून घसरतोय. मुलीचा तो खांदा जरा उतरता होता, मापाच्या टेपला ते कळत नाही. त्या दोघी गेल्यावर मी बाईला विचारलं, मागच्या वेळीही ती पोरगी तुमच्यासमोर चालत आली होती, खांदा दिसला नाही का?

"दिसला की," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही खडू मारला होता, तिथं शिवलं. माझ्या मनानं शिवलं असतं आणि बिघडलं असतं, तर ते रेशीम तुम्ही माझ्या तोंडावर फेकलं असतं, मास्टर."

"फेकलं असतं."

"मग आता घ्या, आपल्या तोंडावर फेकून घ्या," असं म्हणून तिनं ब्लाउज माझ्यापुढं ठेवला आणि सुईत दोरा ओवायला लागली. बोलायला ती कुणाला ऐकत नाही. पण बरोबर बोलली.

बायको मला कधी विचारायची नाही. गिऱ्हाईक दारातून आत येताना, बाहेर जाताना ती बघायची. खांदा, पाठ, चालताना हात कसा हलतो ते. आणि शिवताना माझा खडू सोडून शिवण कधी आत घ्यायची, कधी बाहेर. पण जिथं घेतली तिथं ती आतल्या बाजूला दुसऱ्या रंगाचा एक कच्चा टाका टाकून ठेवायची. रेशीम तांबडं असेल तर टाका पांढरा. मी फिटिंगच्या आधी ब्लाउज उलटा करायचो, टाका दिसायचा, मला कळायचं की इथं बाईसाहेबांनी काही केलंय. मग मी त्या गिऱ्हाइकाचा कागद तसा बदलून ठेवायचो. आणि पुढं पुढं तिच्यासाठी कापताना शिवणीच्या कडेला माया, ते जादा कापड, जास्त सोडायला लागलो, म्हणजे तिला हवं तर घ्यायला जागा असावी. हे आम्ही कधी बसून ठरवलं नाही. झालं तसं. चांगल्या ब्लाउजात वाटा कापणाऱ्याचा किती आणि शिवणारीचा किती, हे कुणी विचारलं असतं तर आम्ही दोघं भांडलो असतो.

मी साक्कोट्टैच्या बाईला म्हणालो, यापुढं दिसलं तर शिवण घ्या. घेतली तिथं कच्चा टाका सोडा, म्हणजे मला कळेल.

"आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर माझं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "लिहून द्या," म्हणाली आणि हसली. संध्याकाळी त्या नवरीचा खांदा उसवून तिनं आपल्या मनानं परत शिवला, आत पिवळा टाका सोडला.

ती बस पकडून गेल्यावर मी फोन घेतला. मला त्यावर लिहिता येत नाही, बोलून ठेवता येतं. तिकडं नात शाळेत असणार. मी तिला बोलून ठेवलं की तू उजवीकडं फेकलंस ते बरोबर. कुणाला न सांगता फेकलंस ते चूक. ती पोरगी वळली नसती तर चेंडू गवतात पडला असता आणि तुझा बाप आज तुला शिव्या देत असता. मग आजीच्या टाक्याचं सांगितलं. आणि म्हटलं, मास्तराकडं एकटी जा, बापाला नेऊ नको. त्याला सांग की मला बदलायला द्या, बदललं की मी सगळ्यांना ओरडून सांगेन.

फोनवर दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिनं ऐकलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी अधूनमधून फोन उघडून बघत होतो. अंगात कणकण होती त्या दिवसांत, की नुसतंच एकटं वाटत होतं, सांगता येत नाही. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस स्वतःचंच बोलणं परत परत ऐकतो आणि त्याला ते कडू लागतं.

शुक्रवारी मुलीचा फोन आला. नात गेली होती. शाळा सुटल्यावर कोच गाडीत सामान भरत होता, तिथं जाऊन उभी राहिली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं; नातीला एवढंच ठाऊक होतं की टीममधल्या एकीला लागलंय, कधी आणि कशानं ते नाही. त्या डावात डावीकडं आपली जी मुलगी होती, ती चेंडू आपल्याकडंच येणार म्हणून मान वर करून बघत राहिली, आणि समोरच्या टीमची मुलगी पळत येऊन तिच्यावर आदळली. ओठ फाटला, टाके पडले. आम्ही सगळ्यांनी तो चेंडू बघितला. जावयाचा फोन चेंडूच्या मागं फिरत होता, त्यात डावीकडचं काहीच आलं नाही. कोच मात्र डावीकडंच बघत उभा होता, कारण चेंडू तिकडं जायचा होता. तो नातीला म्हणाला, मी रागावलो ते तू माझं ऐकलं नाहीस म्हणून नाही.

मुलगी सांगत होती आणि मला त्या दाढीवाल्या मास्तराचं वाईट वाटत होतं. जिंकून सगळे नाचतायत, पोरीचे आईबाप त्याला शिव्या देतायत, आणि तो गवतात बसून कुणाच्या तरी लेकीच्या तोंडाला रुमाल धरून.

नात त्या मुलीच्या घरी जाऊन आली. तिला काय म्हणाली ते तिनं घरात सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

पण कोचनं नातीचं म्हणणं ठेवलं. तो म्हणाला, प्रत्येक वेळी मी दोन डाव देईन. पहिला खेळायचा तो, आणि दुसरा राखून ठेवलेला. पहिला जमत नाही असं दिसलं तर एक शब्द ओरडायचा, म्हणजे सगळ्या दुसऱ्यावर जातील. शब्द असा हवा की समोरच्यांना कळू नये. नातीनं शब्द सुचवला, उसव. आजी चुकीची शिवण बघितली की म्हणायची तो. बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस त्या सगळ्या अमेरिकन पोरी मैदानावर उसव उसव ओरडत पळत होत्या, असं मुलीनं सांगितलं. मी हसलो. मग फोन ठेवला आणि जरा वेळ डोळे पुसत बसलो. लपवायचं काय त्यात.

परत फेकायला मिळेल का, हे मात्र कोचनं सांगितलं नव्हतं. शनिवारी बघू, एवढंच म्हणाला होता.

शनिवारी मी दुकानाचं दार लवकर ओढून घेतलं. मॅच सुरू झाली ती दुसरी मुलगी घेऊन. बरी खेळली पोरगी. वाईट व्हावं असं मनात यायला लागलं की मी मान हलवून ते झटकत होतो. अर्धी मॅच झाली, आपण मागं होतो. मग कोचनं नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि आत पाठवली.

पहिले काही डाव त्यानं दिले तसे. एकदा थोडं पुढं गेलो, एकदा नाही. मग तिनं डावीकडं बघितलं, हात वर केला, आणि मला इथं कुंभकोणमात तिचा आवाज ऐकू आला, उसव. सगळ्या मुली एकदम वाट बदलून पळाल्या. तिनं फेकला. चेंडू बरोबर पकडणारीच्या हातात गेला आणि हातातून निसटून खाली पडला.

या वेळी फोन माझ्या मुलीच्या हातात होता, तिनं तो कोचकडं वळवला. मीच सांगून ठेवलं होतं तसं. मला बघायचं होतं तो काय करतो. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. नातीकडं बघून बोटानं खूण केली, पुढचा डाव. बाहेर काढलं नाही.

नंतर तिनं आणखी दोनदा ओरडून बदललं. एकदा जमलं. मॅच हरलो, थोडक्यात हरलो. संपल्यावर कोच तिच्याजवळ आला, काहीतरी बोलला, ती मान हलवत होती. मग ती पळत फोनकडं आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"आजा, पुढच्या शनिवारी मीच स्टार्ट करणार."

"बरं," मी म्हणालो.

मग ती सांगायला लागली. पहिल्या डावात काय दिसलं, दुसऱ्यात कोण कुठं होतं, त्या निसटलेल्या चेंडूच्या वेळी आपलं बोट कसं सरकलं, मास्तर काय म्हणाला, तिला त्यातलं काय पटलं, काय नाही. मागून आई ओरडत होती, घरी जाऊन बोल. ती थांबेना. इंग्रजी शब्द इतके की मला निम्मंही समजत नव्हतं. असं सगळं मला आजवर तिनं कधी सांगितलं नव्हतं. शेवटी दम घेत तिनं विचारलं, कळलं ना, आजा?

"नाही कळलं," मी म्हणालो. "परत सांग."